रेघांच्या गावाला : कोसबाड

दोन दिवसांची सुट्टी आहे, कडेवर तीन-चार वर्षांचं मूल आहे, आणि थंड हवेच्या ठिकाणचा खर्च काही झेपणारा नाही. मग जायचं कुठे? मैत्रिणींनो, या खेपेला डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला जा. चर्चगेटहून डहाणू रोडपर्यंत २०१३ सालापासून लोकल जाते. त्याच्या पुढचं स्टेशन घोलवड. तिथून चिकूच्या वाड्यांमधून रिक्षाने टेकडी गाठायची. दिवस मात्र थंडीचे निवडा. पाऊस सरलेला असतो, गवत पिवळं पडू लागलेलं असतं, आणि मुलांना उन्हाचा त्रास होत नाही.

या टेकडीचं आपल्यावर, म्हणजे लहान मुलांच्या आयांवर, मोठं ऋण आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली जवळच्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायकांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती ‘अंगणवाडी’! सरकारची योजना आली १९७५ साली, पण हा शब्द त्याआधीपासूनचा, या मुलखातला. महागडी परदेशी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, काड्या हीच मुलांची साधनं झाली.

आता आपल्या घरात काय चालतं ते आठवा. मूल तीन वर्षांचं झालं की त्याच्या हातात पेन्सिल देऊन आपण म्हणतो, “काढ अ!” शेजारची चिंगी लिहिते ना, मग आपल्या बाळाला का येऊ नये? बाळ रडतं, आई चिडते, आणि वहीचा धाक बसतो तो कायमचा. पण त्या ‘अ’मध्ये काय काय आहे पाहा : दोन अर्धगोल, एक छोटी आडवी रेघ, एक उभी रेघ आणि वर शिरोरेघ. इवल्याशा बोटांना एकदम एवढं कसं जमावं? आधी रेघ ओळखीची व्हायला हवी. डोळ्यांना, पायांना आणि मग हाताला.

त्यासाठीच ही सहल. गाडीतूनच सुरुवात करा. रूळ म्हणजे लांबच लांब रेघा. ताडाची झाडं उभी रेघ, टेकडीचा उतार तिरपी रेघ, वर चढणारी पायवाट नागमोडी. संध्याकाळी बोर्डीच्या किनाऱ्यावर जा. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र आणि आभाळ भेटतात ती आडवी रेघ. ओहोटीला वाळू दूरवर उघडी पडते. एवढी मोठी पाटी शहरात कुठून मिळणार? मुलाला काठी द्या आणि ओढू द्या हवी तशी रेघ. लाट येऊन पुसून जाते, त्यामुळे चुकण्याची भीतीच नाही.

पाड्यावर वारल्यांची घरं पाहायला मिळाली तर आधी विचारून, त्यांच्या सवडीनेच आत जा. कारवीच्या काड्यांच्या कुडाला शेणमातीचा लेप, त्यावर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. ब्रश म्हणजे टोक चघळून मऊ केलेली बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचं अंग, वर गोल डोकं, काड्यांसारखे हातपाय. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवासिनींचा. याच तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. मूल हे चित्र पाहतं आणि म्हणतं, “हे मलाही येईल!” आपल्याला हवं असतं ते हेच.

घरी आल्यावर खेळ चालू ठेवा. फरशीवर खडूने रेघ ओढा आणि तिच्यावरून तोल सांभाळत चालायला सांगा. माँटेसोरी पद्धतीत हा खेळ आहेच. सरळ जमलं की वाकडी रेघ, मग गोल. रिकाम्या वेळी ओट्यावर सुतळीचे तुकडे द्या, साप करू दे, नदी करू दे. परातीत रवा पसरून बोटाने रेघा ओढू द्या. गच्चीवर पाण्याची वाटी आणि जुना ब्रश दिला तर तासभर निश्चिंती! रांगोळी घालताना चार ठिपके त्याच्यासाठी राखून ठेवा.

आणि एक पथ्य पाळा. रेघ वाकडी आली तर हात धरून सरळ करू नका. “ही कुठे निघाली?” एवढंच विचारा. उत्तरात गाडी येईल, पाऊस येईल, नाहीतर आजीची काठी. अक्षरं काय, त्यांची वेळ झाली की येतीलच. तोवर आपल्या बाळाला पेन्सिल आवडती राहिली, तर सहलीचे पैसे वसूल झाले म्हणायचे!