शिक्का कुठे मारायचा?

आज दिवसभर ई-पुस्तकांच्या नोंदी ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत चढवल्या. प्रकाशकाने पाठवलेली नोंदींची मार्क फाइल तशीच ओतायची नाही, हे ठेच लागून शिकलेय. ८५६ क्षेत्रातली लिंक आधी कॉलेजच्या प्रॉक्सी सर्व्हरवरून वळवावी लागते. नाहीतर घरी बसलेल्या पोरापुढे पुस्तकाऐवजी पैशांची पाटी येते. चार लिंका बरोबर निघाल्या. पाचवी उघडली, तर भलतंच पुस्तक! मग चहा बाजूला ठेवून सगळ्याच तपासल्या.

दाखल नोंदवहीत या ई-पुस्तकांना क्रमांक नाही. आमचे जुने ग्रंथपाल नव्या पुस्तकाच्या एका ठरलेल्या पानावर गुपचूप शिक्का मारायचे. चोरीला गेलं तरी ओळख पटावी म्हणून. इथे शिक्का मारणार कुठे? पुस्तक आपलं नाहीच, भाड्याचं. करार संपला की नोंदीही शोधून काढून टाकायच्या.

नियतकालिकांचंही तसंच. १ जानेवारी २०२५ला केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली, सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. आमचं कॉलेज खासगी अनुदानित, त्यामुळे तेव्हा आम्ही दाराबाहेरच राहिलो.

संध्याकाळी एक मुलगी विचारत आली, "मॅडम, हे कुठल्या कपाटात आहे?" तिच्या मोबाइलवर मी सकाळीच चढवलेली नोंद होती.