नांदेड-लातूर रस्त्याने

नांदेडहून लातूरला एकदा एसटीने अवश्य जा आणि खिडकीजवळची जागा घ्या. गोदावरीकाठची दाटी मागे पडते. मग लोहा, अहमदपूर, चाकूर आणि मध्ये दूरदूर विखुरलेली गावे. २०११च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्यातील सुमारे २७ टक्के, तर लातूर जिल्ह्यातील सुमारे २५ टक्केच लोक शहरी भागात राहत होते. राज्याचे प्रमाण ४५ टक्के होते. जपानमध्ये दहांपैकी नऊ माणसे शहरी भागात राहतात आणि अनेक खेड्यांत वृद्धच उरले आहेत. आपले आकडे उलटे. परंतु दुपारी कोणत्याही गल्लीत उतरून पाहा, ओट्यावर म्हातारी माणसेच दिसतील. नातवंडे लातुरात शिकवणीला, सोबत त्यांची आई, मुलगा पुण्यात. कंधार, मुखेडकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात.

अहमदपूरजवळच्या एका गावात एक आजी रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेत होत्या. गोळ्या मुलगा शहरातून आणी. तो येईपर्यंत पुरवायच्या म्हणून ही काटकसर. ‘सांगून लेकराला कशाला घोर लावू, डॉक्टरसाहेब?’ त्या म्हणाल्या. अशा खंडाने रक्तदाब चढतो आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात, हेही नाही.

तर मग त्यांना शहरात आणावे का? घाई करू नका. तिसऱ्या मजल्यावर आलेल्यांचे चालणे थांबते, ओळखीचा ओटा सुटतो, आणि काही महिन्यांत साखर वाढलेली मला दिसते. शिवाय शहर म्हणजे सर्व सोय असेही नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. हृदयविकाराचा रुग्ण असेल किंवा तोल जात असेल तर गोष्ट वेगळी. तेथे मोठे रुग्णालय जवळ हवे. एरवी गावातील आशाताईंचा दूरध्वनी क्रमांक घ्या, दोन महिन्यांच्या गोळ्या घरी ठेवा, आणि फोनवर ‘बरी आहेस ना?’ एवढेच न विचारता पाकिटात किती गोळ्या उरल्या ते मोजायला सांगा.

आजींचा मुलगा आता दर रविवारी तेच विचारतो. गेल्या खेपेस मी दारात पाऊल ठेवताच त्यांनी पाकीट उलटून दाखवले. ‘नऊ,’ त्या म्हणाल्या.