काव आणि चुना

चित्रकला शिकण्यास महाविद्यालयात जावे लागते काय, असा प्रश्न आमच्या गावातील वडीलधारी मंडळी मला प्रारंभी वारंवार विचारीत. देवळाच्या भिंती सजविणारे कारागीर कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढले नव्हते, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील गोवा कला महाविद्यालयात चार वर्षे काढल्यावर मला त्याचे उत्तर मिळाले, ते एका भिंतीपाशी.

हे महाविद्यालय 1972 साली निघाले. आज ते 1985 मध्ये स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. तत्पूर्वी गोमंतकातील होतकरू चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट धरीत. मडगावचे लक्ष्मण पै त्याच वाटेने गेले आणि पुढे 1977 ते 1987 या काळात आल्तिनोवर प्राचार्य होते.

कलेतिहासाच्या तासाला एकदा इटलीतील ‘स्ग्राफितो’ पद्धतीचा विषय निघाला. ओल्या गिलाव्यावर दुसऱ्या रंगाचा थर द्यावयाचा आणि तो खरवडून खालचा रंग उघडा करीत आकृती काढावयाची, अशी ती रीत. व्हासारीने 16व्या शतकात तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे फ्लॉरेन्स उभे राहिले नाही. उभी राहिली आमच्या ग्रामदेवतेच्या सभामंडपाची भिंत. आरतीच्या वेळी ज्या तांबड्या मोरांकडे व कमळांकडे मी बाळपणापासून पाहत आलो, ती कावी कला याच कुळातली. पांढऱ्या चुन्यावर काव म्हणजे तांबडी माती चढवावयाची आणि ओल आहे तोवर लोखंडी टोकाने रेषा कोरावयाची. तेथे खाडाखोडीला वाव नाही. गोव्यापासून उत्तर कानड्याच्या किनाऱ्यापर्यंत अशा भिंती होत्या. परंतु त्या कोरणाऱ्या हातांना कोणी व्हासारी लाभला नाही.

शिक्षण संपले त्याच वर्षी देवळाच्या जीर्णोद्धाराचा विचार सुरू झाला. एका बाजूच्या भिंतीवर आधीच तैलरंग बसला होता. उरलेलीवर चकचकीत फरश्या बसवाव्यात, असे बहुतेक महाजनांचे मत पडले. त्यांचा भाव वाईट नव्हता. देवीचे घर स्वच्छ दिसावे, पावसाळ्यात पोपडे पडू नयेत, एवढेच त्यांना हवे होते. मी बैठकीत उभा राहिलो. एक वृद्ध महाजन म्हणाले, “बाबा, तुझ्या पदवीने भिंत टिकणार आहे काय?”

“पदवीने नव्हे, काका, चुन्याने टिकेल,” मी म्हणालो. चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो, तरी भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडू शकते. तैलरंग वा फरशी ती ओल आत कोंडते आणि गिलावा आतून फुगून ढासळतो, हे मी समजावून सांगितले. तैलरंग दिलेली भिंतच तळाशी फुगलेली होती. तिने माझी साक्ष दिली.

तरीही चुना मळावयाचा कोणी? ते मला कोणी शिकविले नव्हते. शेवटी गावातील एका वयोवृद्ध गवंड्याने चुना भिजत घातला, त्यात गूळ घातला, तो किती कुटावयाचा हे बोटांनी चाचपून ठरविले. मी त्याच्या हाताखाली मडकी उचलली. जिथे गिलावा सुटला होता तेवढाच बुजविला. जुन्या रेषांना आम्ही हात लावला नाही.

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला आज मी असे उत्तर देतो: चित्र काढण्यास विद्यापीठ लागतेच असे नाही. परंतु ज्यांनी आपले नाव मागे ठेवले नाही, त्यांच्या कामाची बाजू चारचौघांत मांडण्यास ‘का’ हे ठाऊक असावे लागते, आणि ते मला आल्तिनोवर मिळाले. ‘कसे’ हे त्या गवंड्याजवळ होते. ती एक भिंत आज उभी आहे, ती या दोन्ही विद्या एका घमेल्यात कालवल्या गेल्या म्हणून.