चौदाव्या ताऱ्याचा प्रदेश

कनेक्टिकट नदीवरचा छपराचा लाकडी पूल ओलांडून न्यू हॅम्पशायरमधून व्हरमाँटमधील विंडसर या गावी आम्ही आलो, तेव्हा समोरच्या टेकड्यांवरील मेपल वृक्षांची पाने आरक्त झाली होती. तथापि माझे लक्ष खिळले होते ते पुलाखालून संथपणे वाहणाऱ्या त्या पाण्यावर, कारण याच नदीचा पश्चिम काठ ही न्यू हॅम्पशायर व न्यूयॉर्क या दोन वसाहतींमधील सरहद्द होय, असा हुकूम इंग्लंडच्या राजाने १७६४ साली फर्माविला आणि तेथूनच या प्रदेशाच्या पृथक अस्तित्वाची कथा सुरू झाली.

त्या हुकुमापूर्वीच, १७४९ पासून, न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ याने नदीच्या पश्चिमेकडील जमिनींच्या शंभरावर सनदा वाटून टाकल्या होत्या. त्या सनदांवर भरवसा ठेवून ज्यांनी रान तोडले व शेते पिकविली, त्यांच्यापाशी न्यूयॉर्कचे अंमलदार त्याच जमिनींबद्दल नव्याने पैसे मागू लागले. आणि १७७० मध्ये आल्बनीच्या न्यायालयात कज्जे उभे राहिले, तेव्हा त्या सनदा पुराव्यात दाखल करून घेण्यासही न्यायाधीशाने नकार दिला.

१७७७ च्या जानेवारीत या लोकांनी आपले स्वातंत्र्य जाहीर केले. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांचे प्रतिनिधी विंडसरमधील ज्या खाणावळीत जमले होते, ती लाकडी इमारत, मूळ जागेवरून हलविलेली असली तरी, आजही जतन केलेली आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात टिकाँडरोगा किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्याची वार्ता येथे येऊन थडकली. घरादारांच्या काळजीने सभासद उठू पाहत असतानाच मेघगर्जनेसह वादळ झाले, त्यामुळे सर्वांना थांबावे लागले आणि राज्यघटना संमत झाली, असे सांगतात. प्रौढ माणसाला दास म्हणून राबविण्यास मनाई करणारी आणि मालमत्तेची अट न घालता पुरुषांना मताधिकार देणारी ती घटना, त्या काळाच्या मानाने, विलक्षण धैर्याची होती.

ग्रीन पर्वताची रांग ओलांडून आम्ही बेनिंग्टनला पोहोचलो. न्यूयॉर्कच्या अंमलाला विरोध करणाऱ्या या वसाहतकऱ्यांचा पुढारी ईथन ॲलन व त्याचे सहकारी ज्या पथिकाश्रमात मसलती करीत, त्याच्या दारी उंच खांबावर पेंढा भरलेले एक रानमांजर न्यूयॉर्कच्या दिशेने दात विचकून बसविलेले असे. आश्रम जळून गेला, परंतु त्या स्थळी रानमांजराचा पुतळा आज उभा आहे. या प्रजासत्ताकाने स्वतःचे तांब्याचे नाणेही पाडले: एका बाजूस डोंगरामागून उगवणारा सूर्य व खाली नांगर, दुसऱ्या बाजूस तेरा तारे आणि ‘चौदावा तारा’ या अर्थाची लॅटिन अक्षरे. अमेरिकेच्या तेरा राज्यांच्या संघात सामील होण्याची आकांक्षा याहून स्पष्ट शब्दांत कोण मांडणार?

न्यूयॉर्कच्या हरकतीमुळे ती आकांक्षा चौदा वर्षे तिष्ठत राहिली. अखेर १७९० मध्ये तीस हजार डॉलर देऊन व्हरमाँटने जमिनींचा तंटा मिटविला. पुढच्या जानेवारीत बेनिंग्टनच्या परिषदेने १०५ विरुद्ध २ मतांनी संघराज्याची घटना मान्य केली. या भूमीचे मूळ रहिवासी जे अबेनाकी, त्यांचा कौल मात्र कोणीही घेतला नाही, आणि हा उणेपणा कोणत्याही गौरवगाथेने झाकला जाऊ नये. तरीही कष्टकऱ्यांच्या कब्जेवहिवाटीतून राज्य उभे राहिले आणि कोणाचे अंकित न होता, दोन्ही पक्षांच्या संमतीने, बरोबरीच्या नात्याने संघात गेले, ही गोष्ट आदरास पात्र आहे. ४ मार्च १७९१ रोजी व्हरमाँट अमेरिकेचे चौदावे राज्य झाले. मूळच्या तेरांनंतरचे ते पहिले.