पायांनी चव घेणारा मासा

ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात फ्लूक नावाच्या चपट्या माशासाठी बोटी निघतात आणि गळाला भलताच कोणी लागतो. हाडांचं चिलखत चढवलेलं डोकं, गालांवर काटे, गर्द निळे डोळे, फूटभर लांबी. हातात धरला की गुरगुरतो. हा सी रॉबिन. आमिष वाया गेलं म्हणून चिडलेली माणसं त्याला नीट पाण्यात सोडतही नाहीत, डेकवर आपटतात. मला ते बघवत नाही, कारण मी हा मासा त्याच्या घरी पाहिला आहे.

जेम्सटाउनला फोर्ट वेदरिल नावाचा जुना लष्करी किल्ला आहे. त्याच्या खालच्या खडकाळ खाड्यांमध्ये इथले स्कूबावाले शिकतात, मीही तिथेच शिकले. पाणी थंड आणि हिरवट. खडक संपून वाळू सुरू होते तिथे पोटावर आडवं होऊन, श्वास संथ ठेवून थांबलं की सी रॉबिन आपणहून जवळून जातो. जातो म्हणजे चालत जातो. छातीच्या परांमधले खालचे तीन-तीन काटे पडद्यातून सुटे झालेले असतात आणि ते सहाही तो बोटांसारखे वेगवेगळे हलवतो. बिचकला तर बाकीचे पर पंख्यासारखे उघडतो आणि सरकन निघून जातो. मी जवळ असूनही बिचकला नाही, तेव्हा त्याचं काम बघायला मिळालं.

ते काम म्हणजे वाळू चाचपणं. दोन पावलं पुढे, एक पाय बाजूला, पुन्हा मागे. मग एका जागी तो थबकला, पायांनी वाळू उकरली, तोंड खुपसलं आणि काहीतरी चावत वर आला. वाळूवर तर काहीच दिसत नव्हतं. त्याच्या मागेमागे स्कप आणि ब्लॅक सी बास हे मासे घोटाळत होते, उकरलेल्यातलं काही मिळतं का बघत. त्याची ही हातोटी या माशांना माहीत आहे, बोटीवरच्या माणसांना नाही.

घरी येऊन वाचत बसले. या पायांना रासायनिक संवेदना असते हे फार पूर्वीपासून माहीत आहे. त्याच्या मेरुरज्जूवर पुढच्या बाजूला या पायांसाठी खास उंचवटे असतात. एवढी माहिती येत असेल तर ती घ्यायला जागाही तेवढीच लागणार! २०२४ मध्ये हार्वर्ड आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सी रॉबिन टाकीत ठेवून वाळूत शिंपले पुरले. माशांनी ते शोधले. मग शिंपल्यांचा नुसता अर्क पुरला, नुसती अमिनो आम्लं पुरली, तीही शोधली. पायांच्या टोकांवर बारीक उंचवटे असतात, आपल्या जिभेवर असतात तसे, आणि तिथे चवीचा ग्राहीसुद्धा सापडला. म्हणजे ज्याला आपण पाय म्हणतो त्याने तो चालतो, उकरतो आणि चाखतोही.

त्याच अभ्यासात एकदा आलेले नवे मासे मुळी उकरेनातच. तपासल्यावर कळलं की ती जातच दुसरी, पट्टेरी सी रॉबिन. त्यांना पाय आहेत, चालतातही, पण पुरलेलं शोधत नाहीत. त्यांचे पाय काडीसारखे सडसडीत आणि गुळगुळीत. उकरणाऱ्यांच्या पायांची टोकं फावड्यासारखी पसरट. या पायांच्या घडणीत टीबीएक्स३ए नावाच्या जनुकाचा मोठा वाटा निघाला. त्यात बदल केले तेव्हा पाय बिघडले, उंचवटे बिघडले आणि उकरण्याची सवयही बिघडली. मला यातलं शेवटचं फार विलक्षण वाटतं. अवयव आणि स्वभाव इतके एकमेकांत गुंतलेले असतात, हे डोळ्यांसमोर दाखवणारे प्राणी थोडे.

त्याच्या गुरगुरण्यामागेही असाच एक अवयव आहे. पोटातल्या वाताशयाला, म्हणजे हवेच्या पिशवीला, चिकटलेले स्नायू अतिशय वेगाने आखडतात आणि वाताशय ढोलासारखा वाजतो. बोटीवर ऐकू येतो तो घाबरलेल्याचा आवाज, पण हे मासे पाण्यातही एकमेकांत आवाज करतात.

आमच्या मालवणला रापण ओढली की जाळ्यातलं काय टाकायचं नाही हे बायकांना बरोबर माहीत असतं, म्हणून मी एकदा एक सी रॉबिन घरी आणला. शेपटीकडचं मांस पांढरं, घट्ट. तिरफळं घालून केलेलं कालवण उत्तम झालं. फ्रान्समध्ये त्याचेच भाऊबंद बुयाबेस नावाच्या माशांच्या रश्श्यात पडतात, इथे मात्र त्याला पाण्यात परत सोडण्याइतकीही किंमत नाही.

ऑक्टोबरच्या सुमारास पाणी गार झालं की ते खोल पाण्याकडे निघतात आणि वसंतात किनाऱ्याला परततात. हल्ली खाली उतरले की आधी पायांची टोकं बघते, मग अंगावरचा काळसर पट्टा. पट्टेरी रॉबिनही वाळूवर तितक्याच डौलात फिरतो. पण त्याच्या मागे स्कप लागलेले मी अजून पाहिलेले नाहीत.