सांचीला गेलेली सांची

आमच्या नातीचे नाव सांची. वस्तीत वैशाली, लुंबिनी, श्रावस्ती घरोघर आहेत, तसेच हे. पण नावाचे गाव घरात कोणीच पाहिले नव्हते. मागच्या नोव्हेंबरअखेरीस भाकरी-चटणी बांधून सहकुटुंब निघालो. मनमाडहून भोपाळ आणि तिथून विदिशाच्या वाटेवर ४५ किलोमीटरच्या आसपास. स्टेशनची पाटी दिसताच नात ओरडली, "आजोबा, माझं नाव!"

टेकडीवर मात्र तिचा हिरमोड झाला. वाटाड्या म्हणाला, इथल्या जुन्या लेखांत सांची हे नाव नाही. तेव्हा या जागेला काकणाव म्हणत, गुप्तकाळात काकनादबोट. सांची हे जवळच्या खेड्याचे नाव, तेच पुढे स्तूपाला लागले.

"म्हणजे मी खेड्याची?"

"मग आपण कुठले, गं?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

मग त्याने कठडे दाखवले. दगडादगडावर दान देणाऱ्यांची नावे आणि नावाबरोबर गाव. कोणी उज्जैनचा, कोणी माहिष्मतीचा, कोणी नंदिनगरचा. विणकर आहेत, भिक्षुणी तर कितीतरी. दक्षिण तोरणावर विदिशाच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केल्याचा लेख आहे. राजांची नावे शोधायला गेलो होतो, कष्टकऱ्यांचीच जास्त सापडली.

आम्हाला आई आठवली. तिचे नाव धोंडाबाई. आधीची मुले जगली नाहीत, दृष्ट लागू नये म्हणून ते ठेवले, असे आजी सांगे. तेही खरे असेल. पण शूद्राचे नाव तुच्छता दाखवणारे असावे, असे मनुस्मृतीत लिहिले आहे, हेही खरे. दगडू, कचरू, धोंडी ही नावे शाळेच्या हजेरीत पुकारली की वर्ग हसे. आम्ही ते ऐकले आहे. १९५६ नंतर आमच्याकडे पाळण्यातली नावे बदलली. आईने मात्र आपले बदलले नाही. "या वयात कशाला?" म्हणाली.

चैत्यगिरी विहारात १९५२ पासून सारिपुत्त व मोग्गलान यांच्या अस्थी आहेत. त्यांच्या दर्शनाला मोठी रांग होती. रांगेत नातीने वही काढली आणि वाटाड्याला म्हणाली, "काका, माझ्या पणजीचं नाव त्या दगडावरच्या अक्षरांत लिहून द्या ना."

त्याने ब्राह्मीत लिहून दिले. चार अक्षरे. परतीच्या गाडीत ती तेच गिरवत बसली होती.