यंत्राचा नकार

आमचा जत तालुका सीमेवरचा. बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा कानावर पडतात. एकीत अडले की माणूस दुसरीत विचारतो आणि व्यवहार पुरा होतो. अलीकडे मात्र आमच्या डाळिंबाच्या गाड्यांना एक तिसरी भाषा भेटली आहे. ती टोलनाक्यावरच्या यंत्राची. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि ‘एरर आला’ हे शब्द ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी बसले.

काचेवरच्या त्या चिठ्ठीत बॅटरी नसते आणि पैसेही नसतात. नाक्यावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो. त्यांच्याच बळावर टॅगमधली बारीक चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. पैसे असतात ते खात्यात. म्हणजे नकाराची ठिकाणे निदान तीन. रीडरला टॅग वाचताच आला नाही, हे पहिले. वाचता आला, पण शिल्लक संपल्याने वा कागदपत्रे अपुरी असल्याने तो अडवलेल्यांच्या यादीत निघाला, हे दुसरे. गाडी निघून गेली आणि मागाहून व्यवहार नामंजूर झाला, हे तिसरे.

या तिसऱ्या नकाराला क्रमांकही आहे, १७६. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तो १७ फेब्रुवारी २०२५ पासून लागू केला. टॅग वाचण्यापूर्वी साठ मिनिटांहून अधिक काळ आणि वाचल्यानंतर दहा मिनिटांपर्यंत यादीत अडकलेला असेल, तर हा क्रमांक उमटतो. हा हिशेब बँकाबँकांमधला असून राष्ट्रीय महामार्गांवरील प्रवाशांना त्याची झळ नाही, असा खुलासा महामार्ग प्राधिकरणाने पुढे केला. पण तोवर गावोगावी धास्ती पसरलीच होती.

२०२४ च्या हंगामात चुलत्यांबरोबर पुण्याला माल घेऊन निघालो असता एका नाक्यावर फाटक उघडेना. “एरर आहे, दुप्पट भरा,” खिडकीतला मुलगा म्हणाला. मागे हॉर्न सुरू झाले. आण्णांनी मोबाइलवर शिल्लक दाखवली आणि शांतपणे विचारले, “बाळा, एरर आमच्यात हाय का तुमच्या मशिनीत, तेवढं सांग.” मुलगा क्षणभर थांबला, हातातले यंत्र घेऊन बाहेर आला आणि काचेजवळ धरले. टॅग वाचला गेला. टोल एकपटच कापला.

७ मे २०१८ च्या अधिसूचनेचा नियम पुढे वाचनात आला. टॅग चालू आहे, खात्यात पैसे आहेत आणि नाक्याचीच यंत्रणा बिघडली आहे, तर गाडी विनाशुल्क सोडावी आणि शून्य रकमेची पावती द्यावी. वैध टॅग नसेल आणि पैसे यूपीआयने भरले, तर १५ नोव्हेंबर २०२५ पासून दुपटीऐवजी सव्वापट आकारणी आहे. शून्य, एक, सवा, दोन. एकाच नकाराच्या या चार किमती. कोणती द्यायची हे दोष कोणाचा यावर ठरते.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी शब्दांचे अर्थ लावायला शिकतो. ‘एरर’ या शब्दाला कर्ता नाही. म्हणून तो बहुधा समोरच्या गरिबाच्या माथी बसतो. आण्णांची शाळा चौथीपर्यंतची, पण वाक्याचा कर्ता कोण हे त्यांनी बरोबर विचारले. रांगेत मागे कितीही हॉर्न वाजोत, तेवढे विचारण्याइतका धीर आपल्यापाशी असावा.